पाड्याचे वर्ष आणि विद्यापीठाचे वर्ष

समाजकार्य हा विषय विद्यापीठात शिकवला जातो आणि त्यात पदवी व पदव्युत्तर पदवी मिळते, ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही; तरीही लोकांच्या मदतीला धावून जाण्यासाठी दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम कशाला हवा, ते तर मनाच्या ओढीचे काम, अशी शंका चांगल्या सुशिक्षित घरांतही व्यक्त होते. जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुक्यांकडे पाहिले की या शंकेचा विचार अधिक नेमकेपणाने करता येतो, कारण तेथे सदिच्छेची वाण कधीच नव्हती. कपडे, वह्या, खाऊ आणि ब्लँकेटे घेतलेल्या गाड्या मुंबई, ठाणे आणि नाशिकहून तेथे वर्षानुवर्षे जात आल्या आहेत, सरकारी योजनाही एकामागून एक आल्या आहेत आणि तरी याच भागातील पाड्यांची नावे कुपोषणाच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा छापून आली आहेत. मदत आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये जे काही हरवते, त्याचा पद्धतशीर शोध घेण्याचे शिक्षण म्हणजे व्यावसायिक समाजकार्याचे शिक्षण, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

भारतात या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाड्याच्या कामगार वस्तीत ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ हे केंद्र उघडले आणि तेथील अनुभवातून, टाटा विश्वस्त निधीच्या पाठबळाने, १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था उभी राहिली, जी १९४४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजेच ‘टिस’, या नावाने ओळखली जाते. पुढे १९५५ मध्ये मुंबईतच निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय, १९५८ मध्ये नागपुरात मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आणि १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था सुरू झाली. या शिक्षणाचा जन्म गिरण्यांच्या शहरात झाल्यामुळे त्याच्या पद्धतींवर शहराची छाप पडली, आणि मूळ ग्रंथही परदेशी होते. मेरी रिचमंड यांचे ‘सोशल डायग्नोसिस’ हे १९१७ चे पुस्तक अमेरिकेतील शहरी गरिबांच्या प्रकरणांवर उभे आहे. आजही बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू या नावांनी परिचित असलेल्या अभ्यासक्रमांत ज्या सहा पद्धती शिकवल्या जातात, त्यांचा क्रम साधारण तसाच राहिला आहे: एका व्यक्तीला किंवा कुटुंबाला धरून केलेले व्यक्तिसहाय्य कार्य, समान अडचणीच्या माणसांना एकत्र बसवून केलेले गटकार्य, संपूर्ण वस्तीला बरोबर घेणारे समुदाय संघटन, आणि त्यानंतर समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन व सामाजिक कृती.

यातील सामाजिक कृती, म्हणजे अन्यायकारक व्यवस्था बदलण्यासाठी लोकांनी संघटितपणे केलेला प्रयत्न, ही पाठ्यपुस्तकात सर्वांत शेवटी येते आणि परीक्षेच्या गडबडीत बहुधा घाईने उरकली जाते. आजच्या पालघर जिल्ह्याच्या इतिहासात मात्र ती आधी आली. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला; लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने सावकाराच्या दारी वर्षानुवर्षे राबायचे, अशी ती पद्धत होती. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, जे पुढे कोसबाडला गेले आणि तेथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना शाळेत बोलावण्याऐवजी शाळाच मुलांपाशी, त्यांच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात नेली. १९७८ मध्ये डहाणू परिसरात कष्टकरी संघटना स्थापन झाली, तर जव्हारमध्ये प्रगती प्रतिष्ठानसारखी संस्था शिक्षण आणि शेतीपाण्याच्या कामात उतरली. या कामांचा पाया घालणारी माणसे बहुतेक समाजकार्याची पदवी घेऊन आलेली नव्हती, आणि या व्यवसायाने ही गोष्ट प्रामाणिकपणे लक्षात ठेवायला हवी. जव्हारला जाणारा विद्यार्थी कोऱ्या पाटीवर लिहायला जात नाही, त्याच्या आधी तेथे बरेच काही लिहिले गेलेले असते.

जव्हार हे पूर्वी मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि १९४८ मध्ये ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यावर जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके त्यात आले. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात, म्हणजे आदिवासींच्या संरक्षणासाठी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने घालून दिलेली विशेष व्यवस्था तेथे लागू आहे, आणि लोकसंख्येत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा आदिवासी समाजांचे आहेत. पावसाळ्यात ओढे-नाले रस्ता अडवतात इतके पाणी आणि उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा, हे या डोंगरपट्ट्याचे वार्षिक चक्र आहे; मुंबईची तहान भागवणारी वैतरणा नदीवरची धरणे जवळच असून त्यांपैकी मध्य वैतरणा तर या शतकातच पूर्ण झाले, आणि तरीही मोखाड्यातील कित्येक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘संसाधनांचे विषम वाटप’ हा शब्दप्रयोग वर्गात समजावून सांगायला जो तास खर्च होतो, तो येथे वाचतो.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली आणि या भागाचे नाव देशभर पोहोचले. मंत्र्यांचे दौरे झाले, योजना आल्या, तरीही पुढची अनेक वर्षे बालमृत्यूंच्या बातम्या थांबल्या नाहीत. या पार्श्वभूमीवर निर्मला निकेतन महाविद्यालयाने २००६ च्या सुमारास मोखाडा तालुक्यात ‘आरोहन’ हा क्षेत्रकृती प्रकल्प सुरू केला. क्षेत्रकृती प्रकल्प म्हणजे शिक्षणसंस्थेने स्वतः चालवलेले असे काम, ज्यात लोकांना प्रत्यक्ष सेवा मिळते, विद्यार्थ्यांना शिकण्याची जागा मिळते आणि शिक्षकांना आपल्या सिद्धांतांची परीक्षा घेता येते. वैद्यकीय महाविद्यालयाला जसे रुग्णालय लागते तसे समाजकार्याच्या महाविद्यालयाला असे क्षेत्र लागते. आरोहन पुढे महाविद्यालयापासून वेगळी होऊन स्वतंत्र संस्था म्हणून आरोग्य, पोषण, शिक्षण आणि उपजीविकेच्या प्रश्नांवर काम करू लागली, आणि एका कॉलेजचा उपक्रम तालुक्यात रुजला.

क्षेत्रकार्य, ज्याला विद्यार्थी सरसकट फिल्डवर्क म्हणतात, हा या शिक्षणाचा कणा आहे. आठवड्यातून साधारण दोन दिवस विद्यार्थ्याने एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत काम करायचे, प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहायचा आणि महाविद्यालयातील पर्यवेक्षकासमोर बसून त्यावर चर्चा करायची, अशी रीत आहे. याशिवाय ग्रामीण शिबिर असते आणि अभ्यासक्रमाच्या अखेरीस सलग काही आठवडे एका ठिकाणी राहून करायचे काम, म्हणजे ब्लॉक प्लेसमेंट, असते. बाहेरून पाहणाऱ्याला अहवाललेखन कारकुनी वाटते, पण प्रशिक्षणाचा सर्वांत कठीण भाग तोच आहे.

उदाहरणादाखल मोखाड्यातील एखाद्या पाड्यावरचे एक नेहमीचे प्रकरण घेता येईल. अंगणवाडीत दीड वर्षाच्या मुलाच्या दंडाभोवती दंडघेर पट्टी गुंडाळली जाते आणि बाण पट्टीच्या लाल भागात थांबतो, म्हणजे घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो. अंगणवाडी सेविका ‘सॅम’ असा शेरा मारते. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित बालक, आणि साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटरच्या मधले बालक ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित. मूल आजारीही असेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात आईसह साधारण चौदा दिवस ठेवावे लागते. आईला त्या दिवसांची बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. आई जात नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या सत्रातला विद्यार्थी अहवालात लिहितो, ‘आईने उपचारास नकार दिला. तिला आजाराचे गांभीर्य कळत नाही.’ पर्यवेक्षक त्या दोन वाक्यांखाली रेघ ओढतो आणि विचारतो की आई नेमके काय म्हणाली. विद्यार्थ्याला आठवून लिहावे लागते: ती म्हणाली की घरात आणखी दोन लेकरे आहेत, म्हातारीला दिसत नाही, भात कापायला आला आहे आणि नवऱ्याने भट्टीवाल्याकडून उचल घेतली आहे. पहिल्या दोन वाक्यांत दोष आईचा होता. नव्या चार कारणांत दोष कोठे ठेवायचा हे चटकन सांगता येत नाही, आणि तसे सांगता न येणे हीच प्रगती समजली जाते.

घडलेले आणि आपल्याला वाटलेले वेगवेगळे लिहिण्याच्या या पद्धतीला प्रक्रिया नोंद म्हणतात. तिच्यातून पुढचे काम ठरते: मोठ्या दोन मुलांची सोय कोण करील, केंद्रात न जाता गावातच दिवसातून अनेक वेळा आहार देणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रावर भागेल की मूल खरोखरच दवाखान्यात न्यावे लागेल, आशाताई आणि भगत यांपैकी घरात कोणाचा शब्द चालतो, आणि बुडीत मजुरी हातात पडायला किती दिवस लागतात. गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचा गरम आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागात आहे. ती या घरापर्यंत पोहोचते का, नसेल तर अंगणवाडी घरापासून किती दूर आहे, हेही विद्यार्थ्यानेच चालून पाहायचे असते. यात नुसती कळकळ असून भागत नाही. कोणती तरतूद कोणत्या विभागाची आहे आणि त्या विभागाचा माणूस कोणत्या दिवशी तालुक्याला बसतो, हे ठाऊक असावे लागते.

याच प्रकरणातील ‘उचल’ हा धागा ओढला की मात्र विद्यापीठाच्या व्यवस्थेतली खरी अडचण हाती लागते, आणि तिच्याबद्दल जेवढे बोलले जायला हवे तेवढे बोलले जात नाही. नाचणी, वरई आणि भात यांची पावसाळी शेती आटोपली की दिवाळीनंतर येथील असंख्य कुटुंबे भिवंडी, वसई, वाडा या भागांतील वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर स्थलांतर करतात. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, कोणाच्या लग्नाचा वा आजारपणाचा खर्च येतो, तेव्हा भट्टीमालकाकडून आगाऊ रक्कम उचलली जाते आणि ती फेडण्यासाठी पुढचे पाच-सहा महिने कुटुंब भट्टीवर बांधले जाते; वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये झाला, तरी कर्जाने मजूर अडकवण्याची ही वाट पूर्णपणे बंद झालेली नाही. शिमग्याला आणि त्यापुढच्या बोहाड्यांना, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवांना, माणसे गावी येतात, काही पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडावर बहुतेक परततात.

आता विद्यापीठाचे वर्ष पाहावे. प्रवेश होऊन क्षेत्रकार्य सुरू होईपर्यंत श्रावण उजाडतो, तेव्हा पाड्यावरचे सारे हात आवणीत, म्हणजे रोपांच्या लावणीत, आणि पुढे बेणणीत, म्हणजे तण काढण्यात, गुंतलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर विद्यार्थी ताज्या उत्साहाने परततो, तेव्हा अर्ध्या घरांना कुलपे असतात. आणि मे-जूनमध्ये, जेव्हा माणसे गावात असतात, पाणी नसते, धान्य संपत आलेले असते आणि उचलीचे नवे व्यवहार ठरत असतात, तेव्हा महाविद्यालयाला सुट्टी असते. म्हणजे या भागाचे सर्वांत कठीण महिने विद्यार्थ्याच्या नजरेआडच राहतात. अंगणवाडीच्या नोंदवहीत जानेवारीत एखाद्या मुलाचे वजन नसले तर ते मूल बरे झाले, दगावले की भट्टीवर गेले, हे ओळखायला त्याच कुटुंबाला भिवंडीत जाऊन भेटावे लागेल, आणि दोन दिवसांच्या क्षेत्रकार्यात ते बसत नाही. मुले मागे राहावीत म्हणून शाळांना जोडून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. पण अंगणवाडीच्या वयाचे मूल आईबरोबरच जाते. एखाद्या तुकडीचे निम्मे विद्यार्थी पाड्यावर आणि निम्मे त्याच कुटुंबांच्या भट्टीवर ठेवणे, किंवा ब्लॉक प्लेसमेंट मे-जूनमध्ये नेणे, यात प्रशासकीय कटकट आहे हे खरे. परंतु व्यवसायाची तयारी करून घ्यायची असेल तर वेळापत्रक विद्यापीठाने बदलायला हवे, कारण पाड्याचे वेळापत्रक पाऊस आणि भूक ठरवतात.

या दोन तालुक्यांत समाजकार्याचा विद्यार्थी जितका माणसांशी बोलतो तितकाच कागदांशी झगडतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला ती आपल्या नावे मागता येते. दावा गावच्या वनहक्क समितीकडून ग्रामसभेत, तेथून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे जातो, आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला साठ दिवसांची मुदत असते. नामंजुरीचे पत्र घरात आढ्याला खोचून ठेवलेले आणि साठ दिवस केव्हाच उलटलेले, असे व्हायला फारसे काही घडावे लागत नाही. पत्र वाचून दाखवणारे कोणी नसले की पुरते. रोजगार हमीचेही तसेच आहे. महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायदा करून देशाला दाखवलेल्या या वाटेवर काम मागण्याचा अर्ज लेखी द्यावा लागतो आणि त्याची तारीखवार पोच घ्यावी लागते, कारण पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता मागण्याचा आधार तीच पोच असते. चाळीस जणांचे अर्ज स्वतः भरून देणारा विद्यार्थी चाळीस अर्ज भरतो. चार मुलींना ते भरायला आणि पोच मागायला शिकवणारा विद्यार्थी समुदाय संघटन करतो. पर्यवेक्षक गुण दुसऱ्याला देतो, पाडा मात्र आभार पहिल्याचे मानतो, आणि हा मोह ओळखता येणे प्रशिक्षणात अपेक्षित आहे.

मूल्यांचे शिक्षण याहून अवघड. फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वे मांडली, त्यांत समोरच्याचा स्वीकार, त्याच्यावर निवाडा न करणे, त्याचा स्वनिर्णयाचा हक्क आणि गोपनीयता यांचा समावेश आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ती मुखोद्गत असतात. मोखाड्यात सतरा वर्षांची गर्भवती मुलगी समोर आली की त्यांतली दोन तत्त्वे आणि देशाचा कायदा एकमेकांसमोर उभे ठाकतात. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा, ज्याला ‘पोक्सो’ म्हणतात, अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा मानतो आणि त्याची माहिती असणाऱ्यावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर त्यातून विवाहित मुलीचा नवराही सुटत नाही. माहिती कळवली तर कुटुंब दवाखान्यापासून दूर पळते आणि बाळंतपण घरी, जोखमीत होते. न कळवली तर कायदा मोडतो आणि मुलीवर खरोखर बळजबरी झाली असेल तर ती दडपली जाते. यावर पाठ्यपुस्तकात तयार उत्तर नाही. एवढेच शिकवता येते की मुलीला पहिल्याच भेटीत ‘हे कोणाला सांगणार नाही’ असे खोटे वचन देऊ नये, निर्णय एकट्याने घेऊ नये, आणि बालकल्याण समिती, वैद्यकीय अधिकारी व पर्यवेक्षक यांना लगेच सोबत घ्यावे.

शिक्षण संपल्यावर काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या घरी सर्वांत आधी विचारला जातो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये भारतातील पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला, आणि आज सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद आहे; बाल संरक्षण कक्ष, परिविक्षा अधिकारी, समुपदेशन केंद्रे, मोठ्या कारखान्यांतील कल्याण अधिकारी आणि कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व विभाग येथेही वाव आहे. तरीही वकील किंवा परिचारिका यांच्यासारखी संपूर्ण व्यवसायाची नोंदणी करणारी वैधानिक परिषद समाजकार्याला भारतात मिळालेली नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांना आपल्या यादीत घेतले, एवढी सुरुवात झाली आहे. परिणामी पाड्यावर काम करणारा पदवीधर बहुधा प्रकल्पाच्या निधीवर आणि मुदतीच्या करारावर असतो, निधी संपला की तालुका बदलतो, आणि लोकांनी दोन वर्षांत टाकलेला विश्वास दुसऱ्या कोणाकडे सुपूर्द करण्याची सोय नसते.

म्हणूनच जव्हार-मोखाड्यातील मुलामुलींनी हे शिक्षण घेण्याला विशेष महत्त्व आहे. जव्हारच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे एमएसडब्ल्यू करणाऱ्या वारली किंवा कोकणा मुलीला पाड्याची बोली शिकावी लागत नाही, उचलीचा अर्थ तिला समजावून द्यावा लागत नाही, आणि करंदे, म्हणजे रानातले कंद, उकडून दिवस काढणे म्हणजे काय हे तिला घरातूनच ठाऊक असते. तिला अडचण येते ती दुसऱ्या टोकाला: संदर्भग्रंथ इंग्रजीत, मुंबईत राहण्याचा खर्च मोठा, आणि स्वतःच्याच नातेवाइकांत काम करताना व्यावसायिक अंतर राखायचे ते कसे, याचा विचार शहरात लिहिलेल्या पुस्तकांनी फारसा केलेला नाही. मराठीतून दर्जेदार पाठ्यसाहित्य आणि जिल्ह्यातच क्षेत्रकार्याची केंद्रे एवढ्या दोन गोष्टी झाल्या तरी यातला बराच भार हलका होईल. तिसरी गोष्ट त्याहून सोपी आहे आणि तिला पैसाही लागत नाही: प्रत्येक तुकडीच्या क्षेत्रकार्याच्या नोंदी आज गुण दिल्यावर महाविद्यालयाच्या कपाटात जातात, कुटुंबांची गोपनीय माहिती वगळून त्यांचा सार ग्रामसभेपुढे वाचला गेला आणि पुढच्या जुलैत येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पडला, तर त्याला पहिले दोन महिने तेच प्रश्न त्याच घरांत पुन्हा विचारावे लागणार नाहीत.